मदत हवी आहे: ओझोनमधला डबल बॉन्ड नेमका कोणत्या बाजूला असतो?

घणसोली_अकरावी

नमस्कार. मी अकरावी सायन्सला आहे. राहते घणसोलीला, कॉलेज ठाण्यात. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, त्यामुळे शब्द मिसळून येतील, समजून घ्या.

केमिकल बॉन्डिंगच्या धड्यातली लुईस स्ट्रक्चर्स, म्हणजे रेघा-ठिपक्यांनी बॉन्ड आणि इलेक्ट्रॉन दाखवणारी चित्रं, मला जमतात. पाणी, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड, सगळी येतात. गाडी अडते ओझोनला. तीन ऑक्सिजन, प्रत्येकाचे ६, म्हणजे एकूण १८ व्हॅलन्स (बाहेरच्या कक्षेतले) इलेक्ट्रॉन. मधल्या ऑक्सिजनला एका बाजूला डबल आणि दुसऱ्या बाजूला सिंगल बॉन्ड दिला की तिघांचंही अष्टक (प्रत्येकाभोवती ८ इलेक्ट्रॉन) पूर्ण होतं. पण डबल डावीकडे द्यायचा की उजवीकडे? हिशोब दोन्हीकडे जुळतो. पुस्तकात दोन्ही चित्रं आहेत, मध्ये दोन टोकांचा एक बाण आहे, आणि खाली लिहिलंय की खरा रेणू या दोन्हींचा हायब्रिड असतो.

सर म्हणाले, खेचर जसं कधी घोडा आणि कधी गाढव होत नाही, ते कायम खेचरच असतं, तसं हे. उदाहरण समजलं. पण खेचर डोळ्यांनी दिसतं. ओझोनचा डबल बॉन्ड इकडून तिकडे उड्या मारत नाही, हे कुणी आणि कसं तपासलं? शिवाय जे चित्र खरं नाही ते काढायचंच कशाला? हे नीट समजल्याशिवाय पुढचा धडा वाचवत नाहीये. कृपया कुणीतरी समजावून सांगा.

कळवा_बारावी

अगं, परीक्षेत दोन्ही स्ट्रक्चर्स काढ, मध्ये दोन टोकांचा बाण दे, फॉर्मल चार्ज (चित्रात प्रत्येक अणूच्या वाट्याला येणारा चार्ज) लिही. पूर्ण मार्क मिळतात. सीईटीला बहुतेक बॉन्ड ऑर्डरच विचारतात. ओझोन १.५, बेंझीन १.५, कार्बोनेट आणि नायट्रेट १.३३. एवढं पाठ कर आणि पुढे जा, ऑरगॅनिक बाकी असेल.

घणसोली_अकरावी

थँक्यू दादा, हे लिहून ठेवलंय. पण १.५ म्हणजे काय हेच कळत नसेल, तर पाठ करून नवीन रेणू आला की पुन्हा अडणार.

नौपाडा_शिकवणी

मी ठाण्यात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. तुझा हट्ट योग्य आहे, सोडू नकोस. उपमा जरा बाजूला ठेवू आणि मोजलेले आकडे बघू.

दोन ऑक्सिजनमध्ये सिंगल बॉन्ड असला, जसा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये असतो, तर त्याची लांबी सुमारे १४७ पिकोमीटर भरते. डबल बॉन्ड, म्हणजे आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन, सुमारे १२१. आता तुझं ओझोनचं कुठलंही एक चित्र खरं मानलं तर रेणूची एक बाजू आखूड आणि दुसरी लांब असायला हवी. प्रत्यक्षात दोन्ही बाजू सारख्या आहेत, प्रत्येकी सुमारे १२८ पिकोमीटर. डबलपेक्षा लांब, सिंगलपेक्षा बरीच आखूड. अगदी मधोमध पडत नाही हेही बघून ठेव. बॉन्ड ऑर्डर १.५ म्हणजे सगळ्या चित्रांत मिळून दोन अणूंमध्ये सरासरी दीड बॉन्ड, लांबीची साधी सरासरी नव्हे.

म्हणजे अडचण रेणूत नाही, आपल्या चित्रात आहे. लुईसने १९१६ साली मांडलेल्या पद्धतीत इलेक्ट्रॉनची जोडी एकतर एका अणूवर बसते किंवा दोन अणूंच्या मध्ये. ओझोनमध्ये काही इलेक्ट्रॉन तिन्ही अणूंवर पसरलेले आहेत, आणि तीन अणूंवर पसरलेली जोडी दाखवणारी रेघच या पद्धतीत नाही. म्हणून एकाच रेणूसाठी दोन चित्रं काढावी लागतात आणि दोन्ही एकत्र वाचावी लागतात. रेझोनन्सची ही मांडणी पाउलिंगने १९३० च्या दशकात केली. खोटं चित्र कशाला काढायचं, या तुझ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. रेघा-ठिपक्यांची पद्धत इतकी सोयीची आहे की ती टाकून देण्यापेक्षा आणखी एक चित्र काढणं परवडतं.

बाणाकडे मात्र नीट लक्ष दे. दोन टोकांचा एकच बाण म्हणजे रेझोनन्स. उलटसुलट दोन बाण म्हणजे समतोल, तिथे खरोखर दोन वेगळे पदार्थ एकमेकांत बदलत असतात. माझ्या वर्गात बरीच मुलं यांची अदलाबदल करतात आणि तिथेच सगळा अर्थ बिघडतो.

घणसोली_अकरावी

मॅडम, खूप खूप आभार. लांबीचे आकडे बघून पहिल्यांदाच काहीतरी हाताला लागलं. पण एक शंका उरते. समजा बॉन्ड खूप वेगाने जागा बदलतोय आणि लांबी मोजणारी पद्धत त्याहून हळू आहे. मग मोजमापात सरासरीच दिसेल ना? म्हणजे १२८ आलं तरी उड्या चालू असू शकतात.

रबाळे_क्यूसी

शाब्बास पोरी, शंका अचूक आहे. मी नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एका कंपनीत क्यूसीला (मालाच्या तपासणीला) आहे. ओझोन आमच्याकडे नाही, पण बेंझॉइक अॅसिड आणि सोडियम बेंझोएट रोजचं आहे. लोणच्यात, सॉसमध्ये टिकण्यासाठी घालतात तेच. दोन्हींचा आयआर (इन्फ्रारेड वर्णपट) काढला की तुझ्या शंकेचं उत्तर कागदावर उमटतं.

बॉन्ड सतत थरथरत असतात आणि प्रत्येक प्रकारच्या बॉन्डची थरथर ठरावीक जागी दिसते. बेंझॉइक अॅसिडमध्ये कार्बन-ऑक्सिजनचा डबल बॉन्ड साधारण १६९० प्रति सेंटीमीटरला ठसठशीत दिसतो. त्याचं सोडियम मीठ केलं की हायड्रोजन निघून जातो. मग उरलेल्या आयनची दोन चित्रं होतात, डबल या ऑक्सिजनवर किंवा त्या ऑक्सिजनवर, तुझ्या ओझोनसारखीच. डबल बॉन्ड नुसता उड्या मारत असता तर कुठल्याही क्षणी एका बाजूला तो असताच, आणि १६९० च्या आसपासचा पीक (आलेखातलं टोक) दिसायला हवा होता. तो दिसत नाही. त्याऐवजी सुमारे १५५० आणि १४१० ला दोन नवे पीक येतात. दोन्ही बॉन्ड सारखे असले आणि कधी एका लयीत, कधी उलट लयीत ताणले गेले, की असेच पीक मिळतात.

आता वेगाचं. १७०० च्या आसपासची थरथर म्हणजे सेकंदाला सुमारे ५० लाख कोटी वेळा. आयआर इतकं जलद बघतो. डबल बॉन्ड एका जागी अशा मोजक्याच थरथरी होईपर्यंत टिकला असता, तरी त्याची खूण राहिली असती. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी हे दोन कागद शेजारी ठेवून दाखवतो, पुस्तकाआधी.

नौपाडा_शिकवणी

दादा, फार छान सांगितलंत. उद्या वर्गात हेच सांगणार आहे.

त्यात ऊर्जेची भर घालते, कारण उड्यांनी रेणू जास्त स्थिर का व्हावा याला काही कारण नाही. सायक्लोहेक्झीनमध्ये एक डबल बॉन्ड असतो. त्यात हायड्रोजन घातला की मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल बाहेर पडतात. बेंझीनच्या वलयात, चित्रात दाखवतात तसे, खरोखर तीन सुटे डबल बॉन्ड असते तर ३६० यायला हवे होते, मग ते जागा बदलत असोत वा नसोत. येतात सुमारे २०८. साधारण १५० किलोज्यूल इतका बेंझीन त्याच्या चित्रापेक्षा खाली बसलेला आहे. इलेक्ट्रॉन पसरल्यामुळे रेणूला मिळालेली ही स्थिरता आहे.

आता स्वतः काढताना काय पाळायचं ते. अणू जागचे हलवायचे नाहीत, हायड्रोजनसुद्धा नाही. हायड्रोजन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर नेलास की तो रेझोनन्स राहत नाही. हलतात फक्त लोन पेअर (बॉन्डमध्ये नसलेली इलेक्ट्रॉनची जोडी) आणि डबल-ट्रिपल बॉन्डमधले पाय (π) इलेक्ट्रॉन, म्हणजे पहिली जोडी सोडून उरलेले. ओझोनमध्ये सिंगल बॉन्डवाल्या टोकाच्या ऑक्सिजनची एक लोन पेअर बॉन्डमध्ये आण आणि त्याच वेळी पलीकडच्या डबलमधली एक जोडी पलीकडच्या ऑक्सिजनवर ठेव, दुसरं चित्र तयार. फॉर्मल चार्ज दर वेळी काढ. मधला +१, सिंगलवाला −१, डबलवाला ०, बेरीज शून्य. दोन्ही चित्रं एकत्र वाचलीस तर टोकाच्या दोघांवर अर्धा-अर्धा ऋण चार्ज.

घणसोली_अकरावी

काका, मॅडम, आता खरंच समजलं. नायट्रेट करून बघितलं. २४ इलेक्ट्रॉन, तीन चित्रं, नायट्रोजनवर +१, दोन ऑक्सिजनवर −१, एकावर ०, एकूण −१. तिन्ही एकत्र वाचली की प्रत्येक ऑक्सिजनवर −२/३ आणि बॉन्ड ऑर्डर ४/३. म्हणजे दादाने दिलेलं १.३३ इथून येतं!

पण नायट्रोजनला दोन डबल बॉन्ड दिले तर चार्ज कमी होतात, मग ते चित्र जास्त चांगलं नाही का? आणि नायट्रस ऑक्साइडची मला तीन चित्रं मिळाली, तिन्ही वेगवेगळी. त्यांची सरासरी कशी घ्यायची?

नौपाडा_शिकवणी

नायट्रोजनला दोन डबल आणि एक सिंगल दिलास तर त्याच्याभोवती १० इलेक्ट्रॉन होतात. तो दुसऱ्या आवर्तातला आहे, बॉन्डसाठी त्याच्याकडे एक २एस आणि तीन २पी एवढीच ऑर्बिटल्स आहेत, प्रत्येकात जास्तीत जास्त २ इलेक्ट्रॉन, म्हणजे ८ च्या वर नाही. चार्ज कितीही सुबक दिसले तरी ते चित्र बाद.

नायट्रस ऑक्साइडचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण सगळी चित्रं सारख्या वजनाची असतात असा समज ओझोन, नायट्रेट, बेंझीन करून घट्ट होतो. तुझी तीन चित्रं अशी असणार (चार्ज टोकाचा नायट्रोजन, मधला नायट्रोजन, ऑक्सिजन या क्रमाने). नायट्रोजन-नायट्रोजन ट्रिपल आणि ऑक्सिजनला सिंगल, चार्ज ०, +१, −१. दोन्हीकडे डबल, चार्ज −१, +१, ०. आणि नायट्रोजन-नायट्रोजन सिंगल, ऑक्सिजनला ट्रिपल, चार्ज −२, +१, +१. तिसऱ्यात ऑक्सिजनवर धन चार्ज आणि शेजारी −२, म्हणून ते जवळपास सोडून दे. पहिल्या दोघांपैकी पहिल्याला थोडं जास्त वजन, कारण ऋण चार्ज ऑक्सिजनवर आहे आणि त्याची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन खेचण्याची ताकद) नायट्रोजनपेक्षा जास्त. मोजमापही साथ देतं. नायट्रोजन-नायट्रोजन अंतर सुमारे ११३ पिकोमीटर आहे, नायट्रोजन वायूतल्या ट्रिपलच्या ११० पेक्षा थोडंच जास्त, आणि डबलच्या १२५ पेक्षा बरंच कमी.

म्हणजे इथे सरळ सरासरी घ्यायची नाही. उत्तरपत्रिकेत पहिली दोन काढ, चार्ज लिही, आणि तिसरं काढलंस तर त्याचा वाटा नगण्य का आहे ते एका ओळीत शेजारी लिही.