प्रतिसाद: पाळी लांबवायच्या गोळ्या आणि मेंदूच्या शिरा

इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक मेंदूच्या रक्तवाहिन्यांना जपतं, मग गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं भय कशाला, हा वरचा प्रश्न रास्त आहे. शरीरातलं इस्ट्रोजेन रोहिणीच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवायला लावतं. त्यानं भिंतीतला स्नायू सैलावतो, रक्तप्रवाह वाढतो. इथवर खरंच.

गोळीचं गणित निराळं. नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ, दिवसातून ३ वेळा, पाळीच्या ३ दिवस आधीपासून. जात प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकाची, पण तिचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑल, म्हणजे कृत्रिम इस्ट्रोजेन, बनतो आणि यकृत गुठळी करणारे घटक वाढवतं. त्यात मुंबईहून गाडीत तासन्‌तास बसून गावी येणं, वर हरतालिकेचा निर्जळी उपास! रक्त दाटतं, आणि गुठळी बसू शकते ती मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत.

दिवसागणिक वाढणारी, आडवं झाल्यावर जास्त ठणकणारी डोकेदुखी, उलटी, धूसर दिसणं, आकडी: पित्त समजून कोकम सरबत पाजत बसू नका. साधा सीटी स्कॅन पुष्कळदा नॉर्मल येतो. एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरा दाखवणारा एमआरआय, करावी लागते. पूर्वी गुठळी झालेली असेल, किंवा अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा चमकत असतील, तर मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नये.