हरिहर-अंजनेरी पट्ट्यातल्या वाटा: जागा कोणाची, पावती कोणाची?

त्र्यंबक_पायथा:
नाशिकच्या त्र्यंबक-इगतपुरी रांगेत ट्रेकचा गट घेऊन गेलं की हल्ली एकाच डोंगरासाठी दोन-दोन पावत्या फाडाव्या लागतात, एक गाडीची आणि एक ‘वन’ची. कुठे पायथ्याच्या शेतातली जुनी वाट बोराट्या (बोरीच्या काटेरी फांद्या) टाकून बंद केलेली असते, तर कुठे ‘इथून पुढे राखीव वन’ एवढाच फलक. विचारायचंय ते असं: वाट कोणाच्या हद्दीत आहे हे कसं ओळखायचं? पैसे घ्यायचा अधिकार कोणाला? पायथ्याला एखाद्या शेतकऱ्याची जागा भाड्याने घेऊन मुक्कामाची सोय करायची तर काय बघावं लागतं? ‘वनखात्याला विचारा’ हे उत्तर माहीत आहे, त्याच्या पुढचं सांगा.

सातबारा_उघडा:
‘डोंगर म्हणजे सरकारी’ हे आधी डोक्यातून काढा. गाडी लावली तिथून माथ्यापर्यंत साधारण चार प्रकारची जमीन पायाखालून जाते: मालकीची शेतं, गायरान, वन आणि वरचे किल्ल्याचे अवशेष. प्रत्येकीचा धनी वेगळा आणि कायदाही वेगळा.

महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून वाटेवरचे गट नंबर उतरवून घ्या. तो नकाशा पाहण्यापुरता ठीक आहे. वाद असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढावी लागते. नकलेवर एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. तुमची वाट अशा रेषेवर असेल तर शेतमालकाला बोराट्या टाकता येत नाहीत. गंमत अशी, की ट्रेकर ज्या वाटांनी जातात त्यातल्या बऱ्याचशा नकाशावर नसतातच. त्या गुराख्यांच्या वाटा असतात.

मग लोक तहसीलदाराकडे धावतात आणि अर्ज फेटाळला गेला की चिडतात. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला बांधावरून रस्ता देण्यासाठी आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढता येतो, पण तोही शेतीच्या किंवा चराईच्या जमिनीकडे जाणारा रस्ता हवा आणि अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा हवा. किल्ला बघायला जाणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. त्याने मालकाशी बोलायचं. वाट बांधाला लावून घ्या, पेरणीपासून कापणीपर्यंत गट कुठून जाईल आणि गटामागे किती पैसे ते कागदावर लिहा. भातखाचराचा बांध तीस जणांच्या पायांनी एका पावसाळी रविवारी खचतो. मग खाचरात पाणी टिकत नाही आणि आवण, म्हणजे लावलेलं भाताचं रोप, वाळतं. बोराट्या पडतात त्या यामुळे, आडमुठेपणाने नव्हे.

पावतीचं म्हणाल तर, ग्रामपंचायतीला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली यात्राकर आणि गाड्या उभ्या करण्याची फी घेता येते. वनात शिरण्याची फी तिला घेता येत नाही. पावतीवर छापील अनुक्रमांक, घेणाऱ्या संस्थेचं नाव आणि पैसे कशाचे हे तीन नसेल तर तो कागद आहे, पावती नाही.

वनखंड_कक्ष:
वनातलं मी सांगतो. नुसत्या फलकावर जाऊ नका. ती जमीन भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४ वरच थांबली आहे की कलम २० ची अंतिम अधिसूचना निघाली आहे, ते विचारा. कलम ४ म्हणजे ‘राखीव करायचा इरादा आहे’. मग कलम ६ ची जाहीर नोटीस निघते, दावे मांडायला किमान तीन महिने मिळतात, चौकशी होते आणि शेवटी कलम २०. मुदतीत न मांडलेला हक्क कलम ९ नुसार संपतो. अंतिम राखीव वनात परवानगीवाचून शिरणं कलम २६ खाली गुन्हा आहे, म्हणून नाक्याची पावती महत्त्वाची. ती तुमची परवानगी असते.

फारसं कोणाला ठाऊक नसलेलं कलम २५ बघा. राखीव वनातली सार्वजनिक वा खाजगी वाट बंद करायची तर शासनाची पूर्वमंजुरी लागते आणि सोयीची पर्यायी वाट आधीपासून असावी लागते किंवा करून द्यावी लागते. गावाची जुनी ये-जा तारेच्या कुंपणाने तुटली असेल तर ग्रामसभेचा ठराव करून उपवनसंरक्षकांकडे या कलमाचा उल्लेख करून अर्ज द्या. ‘रस्ता खुला करा’ एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत जातो.

अंजनेरीचा मामला थोडा वेगळा. तिथलं सुमारे ५.६९ चौ. किमी क्षेत्र २०१७ मध्ये संवर्धन राखीव (कॉन्झर्वेशन रिझर्व्ह) झालं. बोरगड त्याआधीच, २००८ मध्ये, ३.४९ चौ. किमी. वन्यजीव कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ आलं, त्याखाली हे होतं. यात अभयारण्यासारखी सरसकट प्रवेशबंदी येत नाही, कारण कलम २७ चं पहिलं पोटकलम इथे लावलेलं नाही. आग लावणं, कचरा टाकणं, प्राण्यांना त्रास देणं मात्र गुन्हा. पण खालची जमीन राखीव वन असेल तर कलम २६ आहेच.

त्र्यंबक_पायथा:
मग कळसूबाईला?

वनखंड_कक्ष:
तो भाग अकोले तालुक्यातला, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, १९८६ पासून. तिथे कलम २७ पूर्ण लागू. आत राहणारे, आत जमिनीचा हक्क असलेले आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे यांना मोकळीक, बाकीच्यांना कलम २८ खालची परवानगी. पर्यटन हे परवानगीचं एक कारण कायद्यातच लिहिलेलं आहे. त्यामुळे नाक्यावर गावकऱ्याला सोडलं आणि मला अडवलं म्हणून भांडू नका.

नागलीची_भाकर:
वरचं सगळं बरोबर, पण हा गुंता आला कुठून ते राहिलं. १८१८ मध्ये इंग्रजांनी नाशिकचे किल्ले घेतले आणि पुन्हा कोणी ठाण मांडू नये म्हणून वाटा सुरुंगाने उडवल्या. अलंग-मदनच्या तुटक्या पायऱ्या त्याच्याच. हरिहरच्या वाचल्या. किल्ल्याला काम उरलं नाही, पण खालच्या रानाला एकदम किंमत आली, कारण रेल्वेला सागाचं लाकूड लागत होतं. १८७८ च्या वनकायद्याने राखीव आणि संरक्षित अशी वाटणी केली.

डोंगरातला शेतकरी नागली-वरईच्या रोपांसाठी झाडाच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण थरांनी पसरून जाळायचा. हा राब. जाळल्याने तणाचं बी मरतं आणि राखेचं खत मिळतं. नव्या खात्याला ती लाकडाची नासाडी वाटली. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या झाल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. राब, चराई, सरपण पुष्कळ ठिकाणी चालू राहिलं, पण ‘हक्क’ म्हणून नाही, ‘सवलत’ म्हणून. सवलत साहेबाने दिली, साहेबाने काढली. आज नाक्यावर जी कुरबुर ऐकू येते तिचं मूळ या एका शब्दात आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने तो शब्द बदलला. व्यक्तीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या कसणुकीवर चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो आणि ग्रामसभेला सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाने मिळून वापरायच्या-जपायच्या रानाचा. या सामूहिक हक्काचा दावा नमुना ‘क’ मध्ये, निदान दोन पुरावे जोडून, वनहक्क समितीमार्फत करायचा. कलम ५ नुसार अशा रानात प्रवेशाचं नियमन करायचा ठराव ग्रामसभा करू शकते. म्हणजे सामूहिक दावा मंजूर असलेल्या गावात नाक्यावर बसलेली पोरं ‘लुटारू’ असतीलच असं नाही. मंजूर पट्टा आणि ठराव आहे का ते विचारा. दावे अडतात ते बहुधा सीमांकनावर: शेजारच्या गावाची सही नसते, किंवा नकाशावरची हद्द ओढ्याने न लिहिता ‘डोंगरापर्यंत’ अशी लिहिलेली असते.

सातबारा_उघडा:
तंबूच्या जागेचं राहिलं होतं. सातबाऱ्यावर तीन गोष्टी बघा. मालक आदिवासी असेल तर संहितेचं कलम ३६-अ. बिगर आदिवासीला भाडेपट्टा पाच वर्षांपर्यंतचा असेल तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, त्याहून जास्त असेल तर शासनाची मान्यता. शंभराच्या मुद्रांकावर केलेला ‘करार’ इथे चालत नाही आणि जमीन मूळ मालकाला परत जाते. दुसरं, जमीन भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरणावर शासनाची बंधनं असलेली) असेल तर शर्त वाचा. तिसरं, इतर हक्कात ‘खाजगी वन’ शेरा असेल तर जागा खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी शासनाकडे गेलेली असू शकते. एकूण धारणा बारा हेक्टरपर्यंत असलेल्यांना त्याच कायद्याच्या कलम २२-अ खाली ती परत मिळालेली असते, पण तसा आदेश हातात हवा. त्याशिवाय खड्डासुद्धा खणू नका.

नागलीची_भाकर:
अंजनेरीला गट नेणार असाल तर आणखी दोन महिनेवार गोष्टी. जुलै ते सप्टेंबर पठारावर तिथलंच कंदीलपुष्प फुलतं. ते गवतात, घोट्याएवढ्या उंचीवर, कातळावरच्या पातळ मातीत असतं. म्हणून फोटोसाठी वाट सोडून पसरू नका, एका ओळीत चाला. नोव्हेंबर ते मे लांबचोचीच्या गिधाडांची घरटी कड्यावर असतात. वरून दोर सोडायचा नाही, ड्रोन उडवायचा नाही. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, आणि उठवलेला पक्षी परत बसेपर्यंत अंडं उन्हात तापतं. गटाची तारीख ठरवताना हेही वनरक्षकाला आधी फोनवर सांगितलेलं बरं, कोणत्या कड्याकडे जाऊ नये ते तो सांगतो.