‘ॲड्रिनल थकली आहे’ असं सांगून किट दिलंय. घेऊ का?

अबोली_पुणे
नमस्कार. वय ४१, बँकेत नोकरी. मार्चअखेरची धावपळ संपून बरेच दिवस झाले, तरी अंगातला शीण जात नाही. सकाळी उठवत नाही आणि रात्री मात्र टक्क जागी असते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून एका वेलनेस सेंटरमध्ये गेले. त्यांनी दिवसातून चार वेळा लाळ घेऊन कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) तपासलं आणि ‘ॲड्रिनल फटीग, तिसरी पायरी’ असं लिहून दिलं. किटमध्ये ज्येष्ठमध, अश्वगंधा आणि प्राण्यांच्या ग्रंथींपासून केलेल्या कॅप्सूल आहेत. पैसे अजून भरलेले नाहीत. मला बीपीची गोळी चालू आहे. कुणी घेतलंय का हे?

गोदाकाठ
ताई, किटचं माहीत नाही, पण ताणाने माणूस आतून पोखरतो हे घरात बघतेय. माझी बहीण नर्स आहे. रात्रपाळ्या लागल्यापासून तिची साखर आणि झोप दोन्ही बिघडली. तुमची झोप आधी जागेवर आणा, असं मला वाटतं.

कृष्णाकाठ
अबोलीताई, पैसे भरू नका. मला ॲडिसनचा आजार आहे, म्हणजे माझ्या दोन्ही ॲड्रिनल खरोखर निकामी झाल्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या ग्रंथी मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. आतला गाभा ॲड्रिनलिन सोडतो. छातीत धडधड, तळहाताला घाम, सगळं काही सेकंदांत. बाहेरचा थर कॉर्टिसोल बनवतो आणि त्याचा हुकूम मेंदूतल्या पिट्युटरीकडून येतो, एसीटीएच या संप्रेरकामार्फत. कॉर्टिसोल पहाटेपासून चढतं, सकाळी सर्वात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वात कमी. ताण महिनोन्महिने राहिला की झोप, साखर, रक्तदाब यांना झळ लागते, हे गोदाकाठ म्हणतात ते बरोबरच आहे. पण ताणामुळे ग्रंथी दमून रिकामी होते, हे खरं नाही. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सतत त्रास दिलेल्या त्या उंदरांच्या ॲड्रिनल सुकल्या नव्हत्या, उलट वाढल्या होत्या. २०१६ साली ब्राझीलच्या दोन संशोधकांनी ५८ अभ्यास चाळले, त्यांनाही ‘ॲड्रिनल फटीग’ नावाच्या आजाराला आधार मिळाला नाही.

खरी बिघडलेली ॲड्रिनल कशी दिसते ते सांगतो. माझं वजन उतरत गेलं. खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. लोणच्याचा खार मी वाटीत घेऊन चमच्याने खायचो, इतकी मिठाची ओढ. तळहातावरच्या रेषा, बोटांचे सांधे, हिरड्या काळवंडल्या, आणि घरचे म्हणायचे, उन्हात हिंडतोस म्हणून. एका दवाखान्यात ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून झोपेच्या गोळ्या मिळाल्या. शेवटी सिव्हिलमधल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी तोंड उघडायला लावलं, हिरड्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, “पूर्वी टीबी झाला होता का?” झाला होता. स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथींत चुन्याचे ठिपके दिसले. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली लंडनमध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाही त्यांच्या बऱ्याच रुग्णांच्या ग्रंथी क्षयानेच खाल्ल्या होत्या. आपल्याकडे आजही हे कारण मागे पडलेलं नाही. कातडी काळवंडते कारण ॲड्रिनल ऐकत नाही म्हणून पिट्युटरी एसीटीएच वाढवत राहते, आणि ते रंगद्रव्याच्या पेशींनाही चेतवतं.

आता तुमच्याबद्दल. ज्येष्ठमध बीपीच्या माणसाने रोज घ्यायचं औषध नव्हे. त्याने मूत्रपिंडात कॉर्टिसोल निष्प्रभ होण्याचं काम अडतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. त्या ग्रंथींच्या कॅप्सूलमध्ये काय आहे ते विकणाराही खात्रीने सांगू शकणार नाही. शंका मिटवायची तर एमडी डॉक्टरांना विचारून सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसोल करा. ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर संशय दाट, १५ च्या वर असेल तर सहसा काळजी नाही, मधे आलं तर इंजेक्शन देऊन पुढची तपासणी करतात. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर आधी सांगा, तिने आकडा फुगतो. बरोबर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखरही पाहून घ्या. आणि घोरत असाल तर तेही सांगा. शीण खराच आहे तुमचा, त्याचं कारण शोधायला हवं.

अबोली_पुणे
दादा, मनापासून आभार. किट रद्द. हिरड्या नेहमीसारख्याच आहेत, वजनही उतरलेलं नाही, उद्याच डॉक्टरांची वेळ घेते. तुमचं वाचून आईची आठवण झाली. ती गावी गुडघेदुखीसाठी एकाकडून पुड्या आणते, कितीतरी वर्षं. दुखणं लगेच थांबतं. पण चेहरा गोल झालाय आणि जरा लागलं तरी अंगावर काळेनिळे डाग पडतात. आजच फोन करून बंद करायला सांगू का?

कृष्णाकाठ
नका! एकदम बंद अजिबात नका करू. ही लक्षणं पुडीत स्टिरॉइड मिसळल्याची वाटतात. स्टिरॉइड म्हणजे कॉर्टिसोलसारखंच काम करणारं औषध. ते बाहेरून मिळत राहिलं की पिट्युटरी हुकूम देणं थांबवते आणि ॲड्रिनल आक्रसतात. अशात पुडी अचानक थांबली आणि त्यातच ताप किंवा जुलाब लागले, तर शरीराला लागणारं कॉर्टिसोल आणायचं कुठून? रक्तदाब कोसळतो, माणूस दगावू शकतो. माझ्या ग्रंथी गेल्यात, म्हणून मी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे गोळीतलं कॉर्टिसोल, रोज घेतो आणि तापात डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे डोस दुप्पट करतो. उलट्या सुरू झाल्या तर गोळी पोटात टिकत नाही, मग थेट १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. खिशात तशी चिठ्ठीच असते.

आईंना शक्य तितक्या लवकर एमडी डॉक्टरांकडे न्या, पुडी सोबत घेऊन. ते नेमक्या मात्रेची गोळी सुरू करून ती हळूहळू उतरवतील, त्याला महिने लागू शकतात. साखर आणि हाडंही तपासायला सांगा. तोवर उलट्या, ग्लानी, चक्कर यातलं काही झालं तर वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा, “बरीच वर्षं स्टिरॉइड असलेली पुडी चालू आहे असा संशय आहे.” गावी त्यांच्याजवळ जो कोणी असेल त्यालाही हे वाक्य आजच फोनवर सांगून ठेवा.