मदत हवी आहे: बाराखडी पाठ, पण वाचता येत नाही

नवा_मास्तर:
नमस्कार. दुसरीची ९ मुलं आहेत. मुळाक्षरं येतात, बाराखडी झोपेतही म्हणतील. फळ्यावर 'मगर', 'कमळ' लिहिलं की एका सुरात वाचतात. पण 'मगर'चीच अक्षरं फिरवून 'गरम' लिहिलं, की नऊच्या नऊ माझ्या तोंडाकडे बघत बसतात. सोमवारी केंद्रप्रमुख वाचन घ्यायला येतायत. काय करू? 'वाचनाची गोडी लावा' छाप उत्तरं कृपया नकोत.

अनघा_डॅलस:
आमच्या इथे रविवारच्या मराठी शाळेत मी फ्लॅशकार्डं वापरते. शिवाय घरी फ्रीजवर चुंबकाची अक्षरं. सहा महिन्यांत लेकाने आजीला पत्र लिहिलं! कार्डांची फाइल हवी असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

नवा_मास्तर:
ताई, इथे फ्रीज नाही. लाइटही असते तेव्हा असते.

शिरीष_क:
शाळा कुठली? पट किती? पहिली-दुसरी एकत्र बसते का? तुम्ही गोष्ट सांगता तेव्हा पोरं हसतात का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निवृत्त_गुरुजी:
३४ वर्षं पहिली-दुसरी सांभाळलीय. बाराखडी पाठ म्हणजे गाणं पाठ. मधलाच 'कु' दाखवा, पोर 'क'पासून गुणगुणत येतं आणि 'कु'वर थांबतं. ते वाचन नव्हे. वर्णमालेचा क्रम सोडा. ग, म, र आणि एक काना एवढंच घ्या: गार, राग, मार, मगर, गरम. हे जमल्याशिवाय नवीन अक्षर नाही. तो 'ङ' आयुष्यात कितीदा लिहिलात तुम्ही?

पेठेतला_बंड्या:
असहमत. आमची अख्खी पिढी बाराखडीवर शिकली, कुणाचं अडलं? असलेच प्रयोग करून २०१९ला दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जागी 'वीस एक' आणलंत.

निवृत्त_गुरुजी:
जागी नाही, जोडीला. पुस्तक उघडून बघा. आणि ते मी आणलं नाही.

चकली:
थोडं अवांतर. माझ्या मोबाइलवर 'ल' हिंदी वळणाचा दिसतो. शासनाने २०२२ला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवून दिलाय ना? मग मुलांनी गिरवायचा कुठला?

पेठेतला_बंड्या:
पाकळीचाच. यावर चर्चा कसली करायची?

नवा_मास्तर:
'ल'चं नंतर बघू हो. शिरीष सर, मेळघाटातला धारणी तालुका. द्विशिक्षकी शाळा, दुसरे सर मतदारयाद्यांच्या कामात. पट २३, सगळे एकाच खोलीत. गोष्टीला हसत नाहीत, हे खरंय. घरी कोरकू बोलतात, पण त्याचा इथे काय संबंध? अक्षरं तर येतातच. एकदाच हसले. दुसरा उकार घेताना मी 'काकू' लिहिलं, तर अख्खा वर्ग खिदळला. का ते अजून कळलं नाही.

शिरीष_क:
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! कोरकूत काकू म्हणजे मासा.
मी तीन वर्षं चिखलदऱ्याला होतो. कोरकू ही मराठीची बोली नाही, तिचं कूळच वेगळं. मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. घराला उरा, पाण्याला डा. आपण ग-र-म जोडत गेलो की 'गरम' हा शब्द डोक्यात आधीच बसलेला असतो, म्हणून चटकन सापडतो. तुमचं पोर जोडतंय, पण पोचायचं कुठे? 'मगर' हा अख्खा शब्दच ते चित्रासारखा ओळखतंय. गुरुजींचा अक्षरगट बरोबरच आहे, फक्त सुरुवातीचे शब्द त्यांच्या घरातले घ्या.

पेठेतला_बंड्या:
मग मराठी शिकणार कधी? परीक्षा काय कोरकूत देणार?

निवृत्त_गुरुजी:
बंडोपंत, अक्षरं जोडायची खुबी एकदा साधली की मराठीसाठी ती पुन्हा शिकावी लागत नाही. मराठी बोलायची सवय मात्र वेगळी लावावी लागेल, रोज, तोंडी. शिरीषरावांचं हे मला आधी सुचायला हवं होतं.

अनघा_डॅलस:
माशांची कार्डं आहेत माझ्याकडे!

नवा_मास्तर:
काल फळ्यावर मासा काढला, खाली 'काकू' लिहिलं. मग 'डा'. पुढचे शब्द पोरंच ओरडून सांगायला लागली, मला लिहिताना दम लागला. भिंतीला टेकून बसणारी एक मुलगी आहे, जूनपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. तिने उठून खडू घेतला, माशाभोवती पाण्याच्या रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेवर 'डा' लिहिलं. सहा वेळा. एकदा काना विसरली, तो स्वतःच पुसून लावला.
'गरम' अजून एकालाही आलेलं नाही. परवा केंद्रप्रमुखांना काय दाखवू? आणि 'उरा'तला उ पहिला की दुसरा?

शिरीष_क:
तो फळा पुसू नका. तोच दाखवा.

निवृत्त_गुरुजी:
उ पोरांना म्हणायला लावा, कान देऊन ऐका आणि तसा लिहा. नीट नाही ऐकलंत तर तीच सांगतील.

सुखदा७:
नमस्कार, सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. मुलगा कितवीत आहे? डोळे तपासून घेतलेत का? आमच्याकडे शेवटी चष्माच निघाला.