शब्दचर्चा : किबुत्स आणि त्याच्या शेजारची हद्द

प्रश्न : इस्रायलच्या उत्तर टोकाला मिस्गाव आम नावाची छोटी वस्ती आहे, तिचा इतिहास मराठीत लिहितो आहे. तीन ठिकाणी अडलोय. अशा सामूहिक वस्तीला हिब्रूत जो शब्द आहे तो मराठीत कसा लिहू : किबुत्झ, किबुट्झ की किबुत्स? १९८०च्या एप्रिलमध्ये हल्लेखोर तिथल्या मुलांच्या निजायच्या घरात शिरले होते. त्या घराला ‘पाळणाघर’ म्हणू का? आणि कुंपणापलीकडे लेबनॉनचं अदैसे गाव आहे. मधल्या रेषेला ‘सीमा’ चालेल?

प्रतिसाद : किबुत्स लिहा. शेवटचा वर्ण हिब्रू ‘त्सादे’, म्हणजे आपल्या ‘पाच’, ‘काच’ यांतला च. मराठी जिभेला तो जन्मापासून ठाऊक आहे. झ आला तो इंग्रजी स्पेलिंगमधल्या झेडमुळे. ‘किबूच’ उच्चाराला सर्वांत जवळचं, पण छापलेला च ‘चाक’चा की ‘चहा’चा हे वाचकाला कसं कळणार? शब्दाच्या मुळाशी ‘गोळा करणं’ हा अर्थ आहे. ‘सहकारी गाव’ असं भाषांतर मात्र करू नका. सहकारात ज्याचा त्याचा भाग राहतो; जुन्या किबुत्समध्ये जमीन, कमाई, मुदपाकखाना, सगळं एकत्र असे. घरटी वेगळी शेती असलेल्या गावाला तिकडे ‘मोशाव’ म्हणतात, सहकारी गाव शोभेल ते त्याला.

प्रतिसाद : पाळणाघर नको. पाळणाघरातलं मूल संध्याकाळी घरी जातं. किबुत्समधली मुलं रात्रीही तिथेच, सोबतच्या मुलांत झोपत. आईबाप दुसऱ्या घरात. हे कळलं नाही तर त्या रात्रीचा प्रसंगच वाचकाला उमगणार नाही. एक तान्हुलं आणि किबुत्सचा सचिव त्यात मारले गेले, सुटकेच्या कारवाईत एक सैनिकही. साधं ‘मुलांचं घर’ लिहा, हिब्रूतही तेच म्हणतात.

प्रतिसाद : ‘सीमा’बद्दल. वस्ती १९४५ची, ब्रिटिश अमदानीतली. ब्रिटिश-फ्रेंचांनी तिथली रेषा १९२३ साली ठरवली होती, १९४९ची शस्त्रसंधी रेषा तिच्यावरूनच गेली. २००० साली इस्रायली सैन्य दक्षिण लेबनॉनमधून निघाल्यावर संयुक्त राष्ट्रांनी ‘निळी रेषा’ आखली, तीही फक्त माघार तपासायला. म्हणून त्या रेषेला रेषाच म्हणा.

प्रतिसाद : पण ‘सीमा’ म्हणजे दोघांना मान्यच असते, असं कुठंय? बेळगावकडच्या माणसाला विचारा. सीमाभाग हा शब्दच वादातून रुळला.

प्रतिसाद : बरोबर, पण तिथे सीमा आखलेली आहे, वाद ती कुठून जावी याचा. इथे निळी रेषा आखणाऱ्यांनीच तिला सीमा म्हटलेलं नाही. शिवाय कुंपण सगळीकडे रेषेवर नाही, काही ठिकाणी रेषेच्या आत, इस्रायलच्या बाजूला आहे. ३ ऑगस्ट २०१०ला इस्रायली सैनिक कुंपणापलीकडचं झाड छाटायला गेले आणि अदैसेजवळ गोळीबार झाला. दोन लेबनीज सैनिक, एक पत्रकार, एक इस्रायली अधिकारी गेले. झाड रेषेच्या इस्रायली बाजूलाच होतं, असं संयुक्त राष्ट्रांच्या फौजेने नंतर सांगितलं. बांधावरच्या झाडाचा तंटा आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागतो? माझं मत ‘हद्द’ला. शब्द मूळचा अरबीच, त्याचं अनेकवचन ‘हुदूद’, म्हणजे अदैसेच्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेलाच.

मूळ प्रश्नकर्ता : आभार. नकाशाबद्दल लिहिताना ‘निळी रेषा’, गावांबद्दल लिहिताना ‘हद्द’. पहिलं वाक्य आता असं : ‘मिस्गाव आम हा किबुत्स १९४५ साली अदैसेच्या हद्दीला लागून वसला.’

प्रतिसाद : ‘वसला’ नको, ‘वसवला’. तरुणांच्या एका गटाने मुद्दाम त्या डोंगरमाथ्यावर जाऊन वसवलेली जागा आहे ती.