अनुभव धागा : हिशेब लोकांचे, व्यवसाय आपला

छोट्या व्यावसायिकांचे हिशेब आणि कराची विवरणपत्रं स्वतःच्या नावावर सांभाळणाऱ्या मैत्रिणींनो, लिहा. यशोगाथा नकोत. फी कशी ठरवता, कागद कसे काढून घेता, नाही कुणाला म्हणता, तेवढं सांगा. आधी माझं.

मी तासावर फी लावत नाही. हात बसला की तेच काम लवकर होतं. मग अनुभव वाढेल तसं बिल कमी व्हायचं? महिन्याला व्यवहार किती, बँक खाती किती, पगारपत्रक आहे का, मालाचा साठा धरायचा का, हे बघून दरमहा ठरावीक रक्कम. त्यात काय येतं आणि काय नाही ते लिहून दोघांच्या सह्या. "मॅडम, मागच्या वर्षाचं पण बघून टाका ना" आलं, की त्याचं बिल वेगळं.

*

"सर कधी भेटतील?" हा फोन अजून येतो. एका ग्राहकाने तर करखात्याची नोटीस माझ्या नवऱ्यापुढे धरली. तो बिचारा चित्रकार. त्याने ती उलटसुलट करून माझ्याकडे सरकवली. मी मुद्दे वाचून दाखवले, उत्तराला कुठले कागद जोडायचे ते सांगितलं, तरी गृहस्थ मान डोलवत होते त्याच्याकडे बघूनच! मेरी हॅरिस स्मिथ या इंग्लंडमधल्या हिशेबनीस बाई स्वतःची फर्म चालवत होत्या, १८९१ मध्ये त्यांनी इंग्लंड-वेल्सच्या चार्टर्ड अकाउंटंट संस्थेकडे अर्ज केला. सभासदत्व मिळालं १९२० मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत. त्या मानाने माझे ग्राहक लवकर वळणावर येतात.

*

नव्या मुलींना एक युक्ती. बँक जुळवणीत, म्हणजे आपल्या नोंदी बँक स्टेटमेंटशी ताडताना, फरक राहिला तर आधी त्याला नऊने भागून बघा. २,७०० चा फरक? मग ८,५०० चे कुठेतरी ५,८०० झालेले असू शकतात. आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नऊच्या पटीत येतो. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोधा, ती नोंद जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. सॉफ्टवेअरमध्ये ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे शिलकांची यादी) जुळलेलाच दिसतो, म्हणून त्यावर विसंबू नका. चुकीच्या खात्यात गेलेला खर्चसुद्धा तिथे गुपचूप जुळून बसतो.

*

माझ्याकडे बहुतेक एकट्याने धंदा करणाऱ्या बायका. वर्षअखेरीला ठरलेला प्रश्न, "ताई, नफा दिसतोय, मग पैसे कुठे गेले?" शिवणकाम करणाऱ्या एकीला मी कागदावर मांडूनच दाखवलं. उधारीवर गेलेले कपडे विक्रीत धरले, पण पैसे यायचेत. कापडाचे न वापरलेले तागे खर्चात नाहीत, साठ्यात आहेत. मशीनच्या कर्जाच्या हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. आणि घरासाठी उचललेली रक्कम तर खर्चच नव्हे, ती उचल. ती बराच वेळ कागद बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे पैसे माझ्याच घरात आहेत की!" आता तिचं धंद्याचं खातं वेगळं आहे, आणि करापुरते पैसे ती तिसऱ्याच खात्यात टाकते. मला हे विवरणपत्र भरण्याहून मोलाचं काम वाटतं, फी मात्र लोक विवरणपत्राचीच देतात.

*

खोटी बिलं लावायला सांगणाऱ्याला मी पहिल्याच भेटीत निरोप देते. चर्चा नाही. आणि कागदांची माझी तारीख सरकारी मुदतीच्या पंधरा दिवस आधीची. उशिरा आलेले रांगेत शेवटी. तान्हं मूल घरात असताना हा नियम केला, मूल मोठं झालं तरी तो तसाच ठेवलाय.

*

मी नुकतीच सुरुवात करतेय. पहिलाच ग्राहक दुसऱ्या अकाउंटंटकडून येतोय. काय मागू?

*

मागच्या वर्षीचा ताळेबंद, भरलेल्या विवरणपत्रांच्या प्रती, वर्षअखेरच्या तारखेचं बँक स्टेटमेंट, येणी-देणी नावानिशी आणि कर्जाचा उतारा. पोर्टलचे पासवर्ड ग्राहकाला स्वतः बदलायला लाव. आधीच्या अकाउंटंटला एक सभ्य पत्र टाक, पुढे कागद त्यांच्याकडेच मागावे लागतात. आरंभीच्या शिलका, म्हणजे मागच्या ताळेबंदातून पुढे आलेले आकडे, जुळल्याशिवाय नवी नोंद करू नकोस, ग्राहकाने कितीही घाई केली तरी.