बंदुकीचं ‘पाणी’ म्हणजे काय?

राधानगरीकर: आमच्या शेजारच्या आजोबांचे वडील दाजीपूरच्या जंगलात महाराजांच्या शिकारीला हाकारे म्हणून जायचे. परवा त्यांच्याकडं भिंतीवरच्या फोटोतली बंदूक दाखवून म्हणाले, “मिल्ट्रीची, छाटून शिकारीची केलेली थ्री नॉट थ्री हाय ही. असल्या बंदुकीचं पाणी बघूनच हात लावायचा.” पाणी म्हणजे काय? ओल? गंज?

उद्यमनगरवाला: ओल नव्हं भावा. पोलाद लालभडक तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं, त्याला ‘पाणी देणं’ म्हणायचं. कोयत्याला, विळ्याला लोहार पाणी देतो तेच. ‘पाणीदार’ तलवारही त्यातलीच. आमच्या शॉपमधली पोरं आता ‘हार्डनिंग’ म्हणतात. पाणी कमी पडलं तर पोलाद मऊ राहतं. मुळात तापवतानाच जास्त तापलं तर जळतं, मग ठिसूळ होऊन काचेसारखं फुटतं.

याचं नामांकित उदाहरण अमेरिकेतलं. त्यांच्या स्प्रिंगफील्ड कारखान्यातल्या 1903 मॉडेलच्या रायफली. कारागीर तापलेल्या लोखंडाचा रंग नुसत्या डोळ्यानं जोखायचे. लख्ख उन्हात तोच रंग फिका दिसतो, म्हणून आणखी तापवायचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यातल्या काही फुटल्या तेव्हा हे बाहेर आलं. 8,00,000 च्या खालचा नंबर असेल तर जाणकार अजूनही त्यातून बार काढत नाहीत. आमचे वडील भट्टीजवळची खिडकी झाकून घ्यायचे, त्यामागं हेच असणार.

पेठेतली वाचक: मग आजोबांच्या थ्री नॉट थ्रीचीही तीच गत का? आणि हे ‘नॉट’ काय प्रकरण आहे? ‘नाही’ तर नव्हे ना?

निवृत्त सुभेदार: ‘नॉट’ म्हणजे इथं शून्य. पॉइंट तीन-शून्य-तीन इंच, म्हणजे सुमारे 7.7 मिलिमीटर नळी.

आता बदनामीचं. थ्री नॉट थ्री म्हणजे इंग्रजी फौजेची ली-एनफील्ड रायफल. तिच्या बोल्टची (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) कडी मागच्या बाजूला अडकते, जर्मन माउझर रायफलीची पुढं. त्यावरून ‘ली-एनफील्ड कमजोर’ असं बोललं जातं. स्वतःच्या काडतुसाला ती पुरून उरते. पुढचं लाकूड छाटलं, दस्ता हलका केला म्हणूनही काही बिघडत नाही. खरी भीती बोल्ट बदललेला असण्याची. फौजेत बोल्टवरचा नंबर आणि बंदुकीच्या अंगावरचा नंबर जुळवून बघायचा दंडक होता. दुसऱ्या बंदुकीचा बोल्ट बसवला तर काडतुसाच्या बुडामागं फट राहू शकते. फट वाढली की काडतुसाचं पितळी टोपण, म्हणजे दारू भरलेली नळकांडी, मधेच तुटतं आणि गॅस मागं, थेट डोळ्याकडं येतो. दुसरी भीती नळी नव्यानं घडवून जादा जोराचं काडतूस घालण्याची. जुन्या 1893 च्या माउझरांवर हे पुष्कळांनी केलं. 1898 च्या माउझरला तिसरी, जादा कडी आहे, जुन्यांना नाही.

पेठेतली वाचक: पण नागरिकाला थ्री नॉट थ्री मिळते कुठं?

निवृत्त सुभेदार: सहसा मिळत नाही, निषिद्ध बोअर आहे, म्हणजे नागरिकांना बंदी असलेल्या मापाची नळी. फौजेचं काडतूस खाजगी हातात जाऊ नये हा इंग्रजांच्या काळापासूनचा हिशेब. नागरिकांसाठी ईशापूरच्या कारखान्यात थ्री-वन-फाइव्ह (पॉइंट तीन-एक-पाच इंच) निघाली, घडण ली-एनफील्डच्याच वळणाची. त्यामुळं पीक संरक्षणाच्या परवान्यावरची प्रत्येक लांब नळीची बंदूक आपल्याकडं ‘थ्री नॉट थ्री’ होऊन बसली. बोली म्हणून ठीक, पण थ्री नॉट थ्रीचं टोपण 56 मिलिमीटर लांबीचं, थ्री-वन-फाइव्हचं 50 चं. दुकानात नाव चुकलं की काडतूस चुकलं.

राधानगरीकर: आजोबांना नंबर विचारला. म्हणाले, “बंदूक कवाच ठाण्यात जमा केली. शिकार बंद झाली 72 ला, मग ठेवून करायचं काय?” फोटो मोठा करून बघितला. नंबराच्या जागी नेमका आजोबांच्या वडिलांचा अंगठा आहे.